मोर्सची कडकट्ट आजही का ऐकू येते?



२०२४ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. बारावीच्या वर्गात मी विस्पंद शिकवीत होतो. जवळजवळच्या वारंवारतेचे दोन सूर एकत्र आले, की त्यांच्या फरकाइतक्या वेळा आवाज उठतो व बसतो. हा नियम कोठे वापरतात, हे सांगताना मी मोर्स संकेत ऐकणाऱ्या रेडिओचे उदाहरण दिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मोबाइल खिशात असताना ते कडकट्ट कोण वापरतं?"

"हौशी लोक वापरतात." मी म्हणालो.

"तुम्ही वापरता?"

"वापरत होतो."

"मग सोडलं का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तास संपल्याची घंटा झाली, म्हणून सुटलो. पण घरी आल्यावर माळ्यावरची जुनी लाकडी पेटी खाली काढली. तिच्यात माझी पितळी मोर्स कळ, हेडफोन आणि एक वही होती. वहीतील शेवटची नोंद २००४ सालची. शिक्षण संपले, नोकरी लागली, तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहायला आलो आणि एरियल बांधायला जागा नाही, या सबबीवर वीस वर्षे निघून गेली. या वीस वर्षांत ज्या गोष्टी मी फळ्यावर शिकवीत आलो, त्याच गोष्टी एकेकाळी मी कानाने ऐकत होतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

त्या मुलाला द्यायचे उत्तर शोधण्यासाठी मी पुन्हा ती कळ हाती घेतली. त्यातून जे समजले, ते या लेखात तुम्हांला सांगणार आहे.

ठिपका एक मात्रा, डॅश तीन मात्रा

मोर्स संकेतात प्रत्येक अक्षरासाठी ठिपके आणि डॅश यांची एक जुळणी ठरलेली असते. तोंडाने म्हणताना ठिपक्याला 'डि' आणि डॅशला 'डा' म्हणतात. इंग्रजी 'ई' म्हणजे नुसता एक 'डि'. 'टी' म्हणजे एक 'डा'. 'ए' म्हणजे 'डि-डा'. 'क्यू' मात्र 'डा-डा-डि-डा' असा लांबलचक.

ही वाटणी उगीच केलेली नाही. सॅम्युएल मोर्स यांनी १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेचा जाहीर प्रयोग केला. कोणते अक्षर जास्त वेळा लागते हे ठरवण्यासाठी छापखान्यातील खिळे मोजले गेले, अशी हकीकत सांगतात. ज्या अक्षराचे खिळे छापखान्याला जास्त ठेवावे लागतात, ते अक्षर लिखाणात जास्त वेळा येणार, हे उघड आहे. अशा अक्षराला आखूड खूण द्यायची आणि क्वचित लागणाऱ्या अक्षराला लांब. आज संगणकात मजकूर दाबून लहान करतात, त्यामागेही हाच विचार असतो. पुढे १८४८ साली जर्मनीत फ्रीडरिख गेर्के यांनी या संकेतात सुधारणा केली. तिच्यावर आधारलेला आंतरराष्ट्रीय संकेत १८६५ सालच्या पॅरिस परिषदेत मान्य झाला. आपण आज 'मोर्स' म्हणतो, तो हाच.

आता याचे गणित पाहू. तुम्ही वृत्ते शिकताना मात्रा मोजता, तसेच येथेही आहे. ठिपका १ मात्रेचा, डॅश ३ मात्रांचा. एकाच अक्षरातील दोन खुणांमध्ये १ मात्रेची शांतता, दोन अक्षरांमध्ये ३ मात्रांची आणि दोन शब्दांमध्ये ७ मात्रांची. वेग मोजण्यासाठी 'पॅरिस' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग प्रमाण मानतात. त्यातील पी, ए, आर, आय, एस या अक्षरांना पुढच्या शांततेसह अनुक्रमे १४, ८, १०, ६ आणि १२ मात्रा लागतात. बेरीज ५०. म्हणजे मिनिटाला १२ शब्दांचा वेग असेल, तर ६०० मात्रा होतात आणि एक मात्रा बरोबर एकदशांश सेकंदाची ठरते. २००० साली मी परीक्षा दिली, तेव्हा हौशी परवान्याच्या दुसऱ्या श्रेणीसाठी मिनिटाला ५ शब्द आणि पहिल्या श्रेणीसाठी १२ शब्द घेता व पाठवता यावे लागत.

न ऐकू येणारे ऐकू कसे येते?

हौशी रेडिओवाल्यांना दिलेल्या पट्ट्यांपैकी एक ७ मेगाहर्ट्झचा आहे. या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे ४० मीटर असते, म्हणून त्याला '४० मीटरचा पट्टा' असेही म्हणतात. मोर्स पाठवताना प्रेषक यंत्र एकाच वारंवारतेचा तरंग सोडते. कळ दाबली की तरंग चालू, सोडली की बंद. त्यात आवाज नसतोच. आणि सेकंदाला सत्तर लाख कंपने आपल्या कानाला कोठून ऐकू येणार?

येथे विस्पंद कामाला येतात. समजा, येणारा तरंग ७०,३०,००० हर्ट्झचा आहे. ग्राहक यंत्रातच ७०,३०,७०० हर्ट्झचा दुसरा तरंग तयार करतात आणि दोन्ही एका मिश्रक मंडलात एकत्र करतात. त्यातून फरकाचा, म्हणजे ७०० हर्ट्झचा सूर बाहेर पडतो. तो कानाला सुरेख ऐकू येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवताना जी 'वँव-वँव' ऐकू येते, तिचाच हा भाऊ. फरक एवढाच, की येथे ती इतकी जलद होते की तिचाच सूर बनतो. रेडिओचे बटण किंचित फिरवले की सूर चढतो किंवा उतरतो, म्हणजे हा फरक तुम्ही बोटाने कमीजास्त करू शकता. वीस वर्षांनी हेडफोन लावून मी ते बटण फिरवले आणि खरखरीतून एक बारीक शीळ वर आली, तेव्हा मला मनातून लाज वाटली. हा अनुभव मी वीस वर्षे नुसता फळ्यावर काढीत होतो.

पाऊस आणि खिडकी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बोलण्याची सोय असताना मोर्स का?

रेडिओवर कोणतेही केंद्र नसते, तेव्हाही खरखर ऐकू येते. ही खरखर दूरदूरच्या विजांच्या कडकडाटातून येते, यंत्रातील इलेक्ट्रॉनांच्या धावपळीतून येते आणि अलीकडे घरातील उपकरणांतूनही येते. ती पट्टाभर जवळजवळ सारखी पसरलेली असते.

पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवली, की खिडकी जेवढी रुंद तेवढे पाणी आत येते. खरखरीचेही तसेच आहे. ग्राहक यंत्र वारंवारतेचा जेवढा रुंद पट्टा आत घेते, तेवढी खरखर आत येते. माणसाचे बोलणे समजण्यासाठी सुमारे २,५०० हर्ट्झ रुंदीची खिडकी उघडावी लागते. मोर्सला किती लागते? १२ शब्दांच्या वेगाने ठिपक्यांची ओळ पाठवली, तर एकदशांश सेकंद चालू आणि एकदशांश सेकंद बंद, म्हणजे सेकंदाला फक्त ५ वेळा चालू-बंद होते. एवढ्या सावकाश बदलासाठी १०० हर्ट्झची फट पुष्कळ झाली.

२,५०० ला १०० ने भागा. उत्तर २५. खिडकी पंचवीसपट अरुंद, म्हणून आत येणारी खरखरही पंचवीसपट कमी. याचा अर्थ असा, की १०० वॅट वापरून बोलणाऱ्याचा संदेश खरखरीच्या मानाने जितका ठळक असेल, तितकाच ठळक मोर्स संदेश १०० भागिले २५, म्हणजे अवघ्या ४ वॅटमध्ये पोहोचेल. चार वॅट म्हणजे अभ्यासाच्या टेबलावरील लहानशा एलईडी दिव्याइतकी शक्ती.

पण निसर्गात फुकट काही मिळत नाही. येथे किंमत कोणती मोजली? वेळेची. माणूस मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतो. मोर्सने तेवढ्या वेळात १२ ते २० शब्द जातात. सावकाश बोलायची तयारी असेल, तर थोड्या शक्तीतही फार दूर पोहोचता येते, हा तो नियम. १९७७ साली निघालेले 'व्हॉयेजर' यान सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडून वीसेक वॅटच्या प्रेषकाने माहिती पाठवत आले आहे. सेकंदाला केवळ १६० द्विमान अंक, एवढ्या संथ गतीने. तत्त्व तेच.

कानातील चाळणी

ही अरुंद खिडकी यंत्रात बसवता येते. पण तिचा एक नमुना तुम्ही जन्मतःच घेऊन आला आहात. आपल्या कानाच्या आत शंखाच्या वेटोळ्यासारखा एक भाग असतो. त्यातील पडद्याची प्रत्येक जागा विशिष्ट सुराला सर्वांत जास्त हलते. हे कार्य उलगडल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ७०० हर्ट्झच्या आसपास कानाची ही चाळणी साधारण १०० हर्ट्झ रुंदीची असते. सर्व खरखर कानात शिरत असली, तरी त्या बारीक शिळेशी स्पर्धा करते ती केवळ तिच्या शेजारची खरखर. भाजीबाजाराच्या गोंगाटात आपल्या माणसाची हाक ओळखणारा कान येथेही उपयोगी पडतो.

मात्र चाळणी असली तरी तिच्यातून आलेले ओळखायला शिकावे लागते. मला मोर्स शिकवले ते आमच्या तालुक्याच्या गावच्या एका निवृत्त तारमास्तरांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी तरुणपणी तार कार्यालयात जे यंत्र ऐकले, त्यात शीळ नसे. लोखंडी पट्टी खाली आपटली की 'कड' आणि वर आपटली की 'कट्ट'. या दोहोंमधील अंतर थोडे तर ठिपका, जास्त तर डॅश. 'कडकट्ट' हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. मी पहिल्या दिवशी वहीत ठिपके आणि डॅश यांचा तक्ता करून नेला. अण्णांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "अरे, रस्त्यावरून भाजीवाली ओरडत जाते, तेव्हा तू अक्षरं जोडतोस का? ठिपके मोजू नकोस. ऐक."

तबला शिकणारा मुलगा 'तिरकिट' तोंडाने म्हणतो. त्यात किती आघात ते मोजत बसत नाही. तसेच 'डि-डा-डि' हा एक बोल आहे, तो म्हणजे 'आर'. पुढे वाचनात आले, की हेच मानसशास्त्रज्ञांनीही तपासले होते. विल्यम ब्रायन व नोबल हार्टर यांनी तार शिकणाऱ्यांचा अभ्यास करून १८९७ व १८९९ साली लेख लिहिले. शिकणाऱ्याची प्रगती काही काळ अगदी थांबल्यासारखी होते आणि मग एकदम पुढे सरकते, असे त्यांना आढळले. थांबलेल्या काळात तो सुटी अक्षरे ऐकायचे सोडून अख्खे शब्द ऐकायला शिकत असतो. १९३० च्या दशकात जर्मनीत लुडविग कॉख यांनी शिकण्याची एक पद्धत सुचवली. सुरुवातीपासूनच पूर्ण वेगाने ऐकायचे, पण दोनच अक्षरे घ्यायची. शंभरापैकी नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरे अक्षर घ्यायचे. सावकाश ऐकून वेग वाढवायला गेले, तर ठिपके मोजायची खोड लागते आणि ती मग सुटत नाही.

माझे काय झाले, ते सांगतो. पेटी उघडल्यावर मी ध्वनिमुद्रित मोर्स १२ शब्दांच्या वेगाने लावून लिहायला बसलो. पहिल्या दिवशी पानावर अक्षरांपेक्षा रिकाम्या जागाच जास्त होत्या. एक अक्षर हुकले, की ते कोणते होते याचा विचार करीत बसे आणि तेवढ्यात पुढची तीन निघून जात. पण एक गंमत आढळली. जी अक्षरे मी 'आठवायचा' प्रयत्न करी, ती चुकत. जी नुसती ऐकून हात लिहून मोकळा होई, ती बरोबर निघत. आकडे साफ पुसले गेले होते, पण स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेले माझ्या केंद्राचे नाव, जोडाक्षरासारखे अखंड शाबूत होते. सायकल विसरत नाही म्हणतात, तशातला हा प्रकार. रोज वीस मिनिटे बसून सहा आठवड्यांत मी जवळजवळ पूर्वीच्या जागी आलो. पहिल्यांदा शिकताना मला सहा महिने लागले होते.

आकाशातील आरसा

सरळ रेषेत जाणारा तरंग गोल पृथ्वीवर हजारो किलोमीटर कसा जातो? १९०१ साली मार्कोनी यांनी इंग्लंडमधून अटलांटिकपलीकडे न्यू फाउंडलंडला मोर्समधील 'एस', म्हणजे तीन ठिपके ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा हाच प्रश्न पडला. १९०२ साली केनेली व हेव्हिसाइड यांनी वेगवेगळे सुचवले, की वातावरणात उंचावर विद्युत्‌वाहक थर असावा. १९२४ साली अ‍ॅपल्टन यांनी प्रयोगाने तो दाखवला. त्या कामासाठी त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी याच आयनांबराचे मोठे संशोधन केले.

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी उंचावरील अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि हे थर बनतात. दिवसा सर्वांत खालचा थर ७ मेगाहर्ट्झचे तरंग बरेचसे शोषून घेतो, म्हणून दिवसा काहीशे किलोमीटरच गाठता येतात. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा थर मात्र टिकून असतो, आणि तो तरंगांना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. अशी एक उडी जास्तीत जास्त ४,००० किलोमीटरच्या आसपास असते. म्हणून लांब पल्ल्याची रेडिओकेंद्रे रात्री जास्त ऐकू येतात.

सूर्यावरील डागांचे चक्र साधारण ११ वर्षांचे असते. डाग जास्त, तेव्हा आयनांबरही जास्त दाट. मी परवाना घेतला, तेव्हा २०००-२००१ च्या सुमारास सूर्य महत्तम अवस्थेत होता. पुढचा महत्तम काळ २०१४ साली येऊन गेला. तेव्हा माझी कळ माळ्यावर होती. २०२४ साली सूर्य पुन्हा महत्तम अवस्थेत पोहोचल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. वर्गातील तो प्रश्न मला नेमका त्याच वर्षी विचारला गेला.

एरियल किती लांब हवे, हे तुम्हीही काढू शकाल. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला ७०,५०,००० ने भागले, तर तरंगलांबी ४२.५ मीटर. अनुस्पंदनासाठी तिच्या निम्मी, म्हणजे २१.३ मीटर तार हवी. प्रत्यक्षात तारेच्या टोकांच्या परिणामामुळे ती ५ टक्के कमी घ्यावी लागते, म्हणजे सुमारे २० मीटर. मध्ये कापून दोन्ही बाजूंना १०-१० मीटर.

आमच्या सदनिकेत मी आधी खिडकीबाहेर जेमतेम तार सोडून ऐकून पाहिले. खरखर वीस वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी वाढली होती. मी रेडिओ बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच बंद केला. खरखर लगेच उतरली. एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही यांतील जलद चालू-बंद होणारी मंडले लहान लहान प्रेषकांसारखीच वागतात. पण शेजाऱ्यांचे मेन स्विच काही मी बंद करू शकत नव्हतो. म्हणून रेडिओ गावी आईकडे नेला आणि परसातील चिंच व आंबा यांच्यामध्ये वीस मीटर तार ताणली. परवान्याची आणि पत्त्याची कागदपत्रे आधीच रीतसर पुरी करून घेतली होती.

एका रात्रीचे बोलणे

रात्री नऊच्या सुमारास, ५ वॅटवर, मी 'सीक्यू' पाठवले. 'कोणीही ऐकत असाल तर उत्तर द्या', असा त्याचा अर्थ. तीन वेळा पाठवले. काही नाही. चौथ्या वेळी खरखरीतून एक क्षीण पण स्वच्छ शीळ आली. ती माझेच कॉलसाइन म्हणत होती. आणि मग मी गडबडलो. तिकडून मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने आलेले त्याचे कॉलसाइन मला घेता आले नाही. नुसते पहिले 'जे' समजले. वहीत एक अक्षर आणि पुढे रेघ.

क्षणभर वाटले, यंत्र बंद करावे. वर्गात बत्तीस गुणिले दोन चुकलेल्या मुलाला काय वाटत असेल, ते तेव्हा कळले. मग थरथरत्या हाताने तीन अक्षरे पाठवली. क्यू, आर, एस. रेडिओच्या भाषेत याचा अर्थ 'सावकाश पाठवा'.

थोडी शांतता. आणि तोच सूर परत आला. या वेळी अगदी माझ्या वेगाने, एकेक अक्षर सुटे करून. तो जपानमधील ओसाका येथील एक हौशी रेडिओचालक होता. अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर, म्हणजे आयनांबराच्या निदान दोन उड्या. तेथे मध्यरात्र उलटून गेली होती. त्याने माझा संदेश कसा ऐकू येतो याचे गुण, आपले नाव आणि गाव सांगितले. मीही सांगितले. शेवटी '७३', म्हणजे शुभेच्छा. एवढेच बोलणे, पण त्याला आठ मिनिटे लागली.

नंतर वही पुरी करताना लक्षात आले, की त्या माणसाने वेग कमी केला, तेव्हा वर सांगितलेला नियमच पाळला होता. संदेश क्षीण असेल किंवा ऐकणारा नवखा असेल, तर जास्त वेळ द्यायचा. मग तो पोहोचतोच.

वर्गातील उत्तर

सोमवारी मी वर्गात खिडकीचे ते गणित फळ्यावर मांडले आणि ओसाकाची हकीकत सांगितली. प्रश्न विचारणारा मुलगा काही वेळ विचार करून म्हणाला, "पण सर, संगणक याहून क्षीण संदेश ओळखेल की."

त्याचे म्हणणे खरे होते. खगोलशास्त्रातील कामाबद्दल १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओचालक आहेत. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासमवेत २०१७ साली 'एफटी-८' ही संगणकीय पद्धत आणली. ती पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत इवलासा मजकूर पाठवते आणि मोर्स जेथे कानाला ऐकू येत नाही, तेथूनही तो वेचून काढते. वेळ देऊन शक्ती वाचवण्याचीच ही पुढची पायरी.

व्यवसायातील मोर्सचे दिवसही संपले आहेत. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांच्या संकटसंदेशांसाठी उपग्रहांची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. २००३ साली जागतिक रेडिओ परिषदेने हौशी परवान्यासाठी मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोपवले. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दारात तारवाला दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येई, तो काळ तुम्हांला माहीतही नाही.

मग उरले काय? मी त्या मुलाला म्हणालो, "संगणक ऐकतो, तेव्हा शिकलेला असतो तो संगणक. मोर्समध्ये शिकलेला असतो तो तुझा कान. आणि एकदा शिकलेला कान वीस वर्षं बंद पेटीत ठेवला, तरी पुरता गंजत नाही. हे मी स्वतःवर करून पाहिलं आहे." त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यात तो बॅटरी आणि बझर घेऊन प्रयोगशाळेत आला.

तुम्हीही करून पाहा

प्रयोग १. नऊ व्होल्टची बॅटरी, एक छोटा बझर आणि पत्र्याची एक लवचीक पट्टी घ्या. पट्टी दाबली की मंडल पुरे होईल आणि सोडली की तुटेल, अशी लाकडी फळीवर बसवा. ही झाली सरावाची कळ. सुरुवातीला 'के', म्हणजे 'डा-डि-डा', आणि 'एम', म्हणजे 'डा-डा', ही दोनच अक्षरे घ्या. मित्राने पाठवावी, तुम्ही लिहावी. तक्ता समोर ठेवू नका.

प्रयोग २. एका मोबाइलवर कोणी आकडे वाचत असल्याचे ध्वनिमुद्रण घ्या आणि दुसरे ७०० हर्ट्झच्या शिळेतील मोर्सचे. जवळून ऐकताना दोन्ही सारखेच मोठे वाटतील असे ठेवा. मध्ये नळ जोरात सोडा किंवा पंखा लावा आणि एकेक पाऊल मागे जा. बोललेला आकडा समजेनासा होतो ते अंतर आणि शिळेतील ठिपके-डॅश ओळखू येईनासे होतात ते अंतर, दोन्ही मोजा. कोणते जास्त येते? का?

प्रयोग ३. तुमच्या मराठीच्या पुस्तकातील एक उतारा घ्या आणि कोणती व्यंजने व स्वर किती वेळा येतात ते मोजा. मग जास्त येणाऱ्यांना आखूड खुणा देऊन मराठीसाठी स्वतःचा संकेत बनवा. वर्गातील दोन गटांचे संकेत घेऊन तोच मजकूर कोणत्या संकेतात कमी मात्रांत बसतो ते ताडून पाहा.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. परवान्याशिवाय रेडिओवरून संदेश पाठवणे हा गुन्हा आहे. हौशी परवान्यासाठीची परीक्षा भारत सरकारच्या दूरसंचार विभागामार्फत होते आणि शाळकरी मुलांनाही तिला बसता येते. तोवर नुसते ऐकण्यासाठी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने आपला ग्राहक रेडिओ आंतरजालावर सर्वांना खुला ठेवला आहे. शाळेच्या संगणकावरही तो ऐकता येईल. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या अगदी सुरुवातीला शोधा, तेथे शिळा ऐकू येतील.

विचार करा

१. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने एक मात्रा किती सेकंदांची होईल?

२. १४ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचे एरियल किती मीटरचे घ्यावे लागेल? टोकांसाठीची ५ टक्के घट विसरू नका.

३. ग्राहक यंत्राची खिडकी १०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झ केली, तर खरखर किती पट होईल? मग ती १ हर्ट्झच का करू नये? अशा वेळी एक ठिपका पाठवायला साधारण किती वेळ द्यावा लागेल?

तिसरा प्रश्न वर्गात आपसांत चर्चा करून सोडवा. त्याचे उत्तर ज्याला नीट सांगता आले, त्याला या लेखाचे मर्म कळले असे समजावे.